विरजणाचा डबा आणि इतर मिळकत

मी, अंजनी महेंद्र तांबे, वय सत्तरीला टेकलेले, धर्म बौद्ध, व्यवसाय पूर्वी बालवाडी शिक्षिका व आता मासे, राहणार बुवापाडा, अंबरनाथ, जिल्हा ठाणे, हा कागद स्वहस्ते लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. चष्मा लावला की नजरही ठिकाणावर असते. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही, आणि लावून काही उपयोग झाला नसता हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. मागच्या ऑक्टोबरात माझे पित्ताशय काढले. त्याचा या कागदाशी संबंध आहे, तो पुढे येईल. प्रकृतीबद्दल डॉ. तेजल यांचा दाखला मागे टाचला आहे.

वकीलसाहेब म्हणाले, "मावशी, मृत्युपत्र मोजक्या शब्दांत लिहायचं असतं." मी म्हटले, मोजक्या शब्दांत लिहिलेले एक माझ्याकडे आहे, आणि तेच तर रद्द करायचे आहे. त्यावर त्यांनी पेनाला टोपण लावले. शहाणे आहेत.

कलम १. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या कागदाने संपूर्ण रद्द झाले असे समजावे. त्यातले सहावे कलम तर कोणी वाचलेच नाही असे धरावे. ते असे होते: "सौ. माया शिवराम सकपाळ, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व, यांना माझ्या प्रेताजवळ येऊ देऊ नये, व त्यांच्या ताब्यात असलेला माझा श्रीखंडाचा डबा माझे पश्चात वसूल करण्यात यावा." माया या माझ्या विहीणबाई, म्हणजे माझी सून किर्ती हिच्या आई. हे कलम मी गडद शाईत, शाळेतल्या अक्षरात लिहिले होते. आता वाचले की मलाच हसू येते.

कलम २. बुवापाडा येथील माझे राहते घर, एक खोली, स्वयंपाकघर व गॅलरी, माझा मुलगा सुजित व सून किर्ती या दोघांच्या नावे समान हक्काने जावे. आधीच्या कागदात एकट्या सुजितचे नाव होते. ती दोघे खरवईला राहतात, त्यांची तिथली इमारत नवी आहे, लिफ्ट आहे, त्यामुळे ती इथे राहायला येतील असा माझा भ्रम नाही. भाड्याने द्यावे, विकावे, काय करायचे ते करावे. फक्त स्वयंपाकघरातली फ्रीजवरची फळी काढायची झाली तर सुजितने स्वतः काढावी, गवंड्याकडून हातोड्याने पाडून घेऊ नये. ती त्याच्या वडिलांनी बसवलेली आहे.

कलम ३. पोस्टातली ठेव सुजितकडे जावी. माझ्या सोन्याच्या पाटल्या नात ओवी हिला, ती बारावी झाल्यावर. नापास झाली तरी द्याव्यात.

कलम ४. माझे पती महेंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. हात लेथवर आणि जीव माशांत. त्यांचा व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि लाकडी पेटी सुजितने घ्यावी. त्याला त्यातले ओ की ठो कळत नाही, पण महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवायला काही कळावे लागत नाही. गॅलरीतली काचेची टाकी, बरण्या आणि त्यातले फायटर मासे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले मत्स्यदुकानदार मुकेशभाई यांना सुजितने चालू भावाने विकावेत. फायटर ज्याच्या त्याच्या बरणीत एकटा ठेवायचा असतो आणि दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा लावायचा असतो, नाहीतर दोघे काचेवर डोकी आपटून घेतात. मुकेशभाईंना हे सांगायची गरज नाही. सुजितला आहे.

कलम ५. हे कलम लांबणार आहे. ज्याला घाई असेल त्याने सहाव्यावर जावे.

फायटरची पिल्ले अंड्यातून बाहेर आली की त्यांना दुकानातले कोरडे दाणे चालत नाहीत. जे हलत नाही ते खायचे असते हे त्यांच्या गावीच नसते. समोर काहीतरी वळवळले पाहिजे, तेही त्यांच्या तोंडात मावेल एवढे बारीक. त्यासाठी महेंद्र घरी मायक्रोवर्म वाढवत. हे दोऱ्याच्या तुसाएवढे पांढरे किडे. ओट्सची किंवा पावाची घट्ट खीर करायची, थंड झाली की त्यात जुन्या डब्यातला चमचाभर ऐवज घालायचा आणि झाकण लावायचे. थोड्या दिवसांत किडे डब्याच्या भिंतीवर चढू लागतात. बोटाने पुसून घ्यायचे आणि पिल्लांच्या पाण्यात बोट बुडवायचे. महिना गेला की डबा थकतो, आंबूस वास जाऊन घाण वास सुटतो. त्याआधी नव्या खिरीत चमचाभर काढून ठेवायचे. पहिला चमचा त्यांना मुकेशभाईंनी दिला होता. म्हणाले, "महेंद्रभाई, इसका पैसा नहीं होता. माझं खतम झालं की मीच तुमच्या दारात येणार." आणि दोन-चारदा ते खरेच आले.

धंद्यातले लोक याला कल्चर म्हणतात. महेंद्र म्हणायचे, "आपल्याकडे याला शब्द आहे की, विरजण." तेव्हापासून आमच्या घरात विरजण म्हणजे किड्यांचे. दह्याच्या विरजणाला आम्ही 'दह्याचं' म्हणायचो. या एका शब्दाने पुढे जे केले ते शत्रूनेही केले नसते.

माझ्या सासूबाई, माई, यांना हा प्रकार पटला नव्हता. रोज पंचशील म्हणायचे, प्राणी मारणार नाही म्हणायचे, आणि किडे माशाला घालायचे? महेंद्र त्यांना म्हणाले, "माई, मी मारत नाही. मी वाढतो." माई म्हणाल्या, "अरे, वाढणारा तूच ना?" शेवटी तडजोड झाली की पौर्णिमेला डब्याला हात लावायचा नाही, माशांना उपास. एखाद्या उपासाने माशाचे पोट उलट साफ राहते, हे आम्हाला नंतर कळले. माई गेल्या तरी तो नियम आम्ही मोडला नाही.

महेंद्र गेले तेव्हा फळीवर त्यांनी लावलेले डबे होते. त्यातला एक श्रीखंडाचा, झाकणाला त्यांनी दाभण तापवून भोके पाडली होती. मी माशांची शौकीन नव्हते. पण त्या डब्यातला चमचा मी पुढच्या डब्यात घातला, त्यातला त्यापुढच्या, आणि घालत राहिले. फोटोला हार मीही घालते. पण त्यांच्या हातचे जिवंत असे घरात तेवढेच उरले होते, आणि ते माझ्या हातून मरू नये एवढीच माझी धास्ती होती. हे मी तोंडाने कधी कोणाला सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते.

पुढे सुजितचे लग्न झाले आणि सकपाळ मंडळी आमच्याकडे जेवायला आली. विहीणबाईंना माझे दही आवडले. निघताना म्हणाल्या, "तुमचं दही काय घट्ट लागतं हो. थोडं विरजण द्या की." बाहेरच्या खोलीतून सुजित ओरडला, "विरजण वर फळीवर, श्रीखंडाच्या डब्यात!" मी त्यांचे यजमान शिवराम, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांना निरोप देत दारात उभी होते. मी तिथून फ्रीजकडे बोट दाखवले. फ्रीज फळीच्या खालीच आहे. विहीणबाईंनी हात वर केला, डबा काढला, पिशवीत टाकला आणि गेल्या. त्या म्हणतात मी फळीकडे बोट दाखवले. मी म्हणते मी फ्रीजकडे दाखवले. यावर आमचे आजही एकमत नाही आणि या कागदाने ते होणार नाही.

त्यांनी शिरगावला दूध कोमट केले, त्या डब्यातला चमचा त्यात घातला आणि झाकून ठेवले. सकाळी आण्णा साखर घालून वाटीभर खाऊन कामाला गेले. म्हणाले, "जरा आंबूस आहे, बाकी बरंय." मग विहीणबाईंनी चष्मा लावून पातेल्यात पाहिले, तर पातेल्याची कड हलत होती. लगेच मला फोन. "तुमच्या घरात पाहुण्यांना किडे वाढतात का?" मी म्हटले, "किडे माशांचे आहेत, आणि ते तुम्ही उचलून नेलेत." आण्णांना काहीही झाले नाही, हे मी आवर्जून नोंदवते. पण नव्या सोयरिकीवर विरजण पडले ते पडले. या कामी हाच शब्द बरोबर आहे.

त्यानंतर सकपाळांकडे जो पाहुणा जाई त्याच्यापुढे चहाच्या आधी डबा येई. "हे बघा, हे मला विरजण म्हणून दिलं." ओवीच्या नामकरणाला मी या दाराने आत गेले की विहीणबाई त्या दाराने बाहेर. किर्तीच्या हाती मी निरोप धाडला, डबा परत द्या, तो माझ्या नवऱ्याचा आहे. उत्तर आले, "पुरावा आहे. मिळणार नाही." मला वाटले रिकामा, धुतलेला डबा दाखवत असतील. त्यात आणखी काही असेल हे माझ्या डोक्यातही आले नाही.

आता पित्ताशय. ऑपरेशननंतर मी खरवईला सुजितकडे होते. फायटरना पाणी बदलायला तो बुवापाड्याला जायचा. पण एका रविवारी किर्ती गेली, आणि मी घरी येईन तेव्हा घर कसे लख्ख दिसावे म्हणून राबून आली. घामाघूम होऊन मला फोनवर फोटो दाखवू लागली. "आई, बघा, ओळखू येतंय का?" ओटा चकचकीत होता. फळी फिनेलने पुसलेली. आणि आंबट वासाचे सगळे डबे, आतले मेले असे समजून, घासूनपुसून ओट्यावर पालथे घातलेले.

पोरीने मायेने केले होते, तिला काय बोलणार? मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सुजितने फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने मुकेशभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, अब कौन पालता है? सगळा पॅकेटचा माल आहे. दुसरीकडून मागवून देतो, भाभीला सांग." दुसरीकडचे काय करू? ते किडे असते. महेंद्रचे नसते.

दोन-तीन दिवस मी नीट जेवले नाही. किर्तीला कारण कळले तेव्हा ती माझ्या पलंगाशी येऊन बसली.

"आई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आता कशाला रागावू."

"तुमचं विरजण शिरगावला आहे."

"रिकामा डबा आहे तिथे."

"नाही हो. मम्मीने जिवंत ठेवलंय. पहिल्यांदा डबा मरायला लागला तेव्हा ती घाबरली. म्हणाली, पुरावाच मेला तर लोकांना दाखवू काय? माया खोटं बोलते म्हणतील. मग आण्णा म्हणाले, जीव आहे, खायला घाल. तेव्हापासून ती पेज घालते, पाव घालते, डबे बदलते. इतकी वर्षं तुम्हाला न सांगायची मला शपथ घातली होती."

मी उठून बसले. टाके दुखले. ज्या बाईला मी माझ्या मयताला येऊ देणार नव्हते, तिने निव्वळ खुन्नस म्हणून माझ्या नवऱ्याचे विरजण सांभाळले होते. मी असते तर मीही तेच केले असते, हे लक्षात आले आणि तिथेच माझा अर्धा राग गेला.

पण मागायला कोणी जायचे? किर्ती म्हणाली, मी आणते. मी म्हटले, नाही. विरजण मागायचे तर आपण जायचे, आपली वाटी घेऊन. ती रीत आहे. एकीकडे मन म्हणत होते, मरेन पण त्या बाईकडे मागणार नाही. मग वाटले, मेले तर मागायचेच राहील. सुजितची स्टीलची वाटी घेतली, रिक्षा केली आणि शिरगावला गेले.

दार विहीणबाईंनीच उघडले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या वाटीकडे. मी तोंडातून शब्द काढायच्या आत त्या म्हणाल्या, "कसलं पाहिजे? दह्याचं की तुमचं?"

मी म्हटले, "आमचं."

"या. पायताण राहू द्या, फरशी गार आहे."

कपाटावरून त्यांनी डबे खाली काढले. एक जॅमची बरणी, एक आइस्क्रीमचा डबा, आणि तो श्रीखंडाचा. झाकणाला दाभणाची भोके तशीच. त्यांनी झाकण उघडले आणि उजेडाकडे धरले. भिंत सगळी चमचमत होती. माझ्या नवऱ्याच्या हातचे किडे भिंतीवर चढत होते. मी कोचावर बसले आणि रडू लागले, अगदी आवाज करून. विहीणबाईंनी पाणी आणून दिले. "रडू नका हो, टाके उसवतील." आतून आण्णा म्हणाले, "दही तसं वाईट नव्हतं." त्यावर दोघी एकदम त्यांच्यावर ओरडलो. ते आमचे पहिले एकमत.

त्यांनी माझी वाटी काठोकाठ भरून दिली. डबा दिला नाही. "तो पुरावा आहे. माझ्याकडेच राहील." मी म्हटले, राहू द्या. येताना रिक्षात वाटीवर तळहाताचे झाकण धरून बसले होते, आणि किती दिवसांनी हायसे वाटले ते काय सांगू. आता माझ्या फळीवर पुन्हा डबे आहेत. नोव्हेंबरात फायटरच्या जोडीने पिल्ले दिली, ती ते विरजण खाऊन मोठी झाली, आणि त्यातला एक निळा नर आता शिरगावला आण्णांच्या टीव्हीशेजारी आहे.

सबब, श्रीखंडाच्या डब्यावरचा माझा सर्व हक्क, दावा व तक्रार मी राजीखुशीने सोडत आहे. माझ्या वारसांनी तो मागू नये.

कलम ६. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी धोंडिबा शेळके यांनी मी घरात डास पाळते असा अर्ज नगरपालिकेत दिला होता. कर्मचारी आला, त्याने टाकी पाहिली, आणि डासांची अळी त्याला सेक्रेटरींच्या कुंडीखालच्या बशीत मिळाली. याबद्दल मी त्यांना पूर्वीच्या कागदात कंजूष म्हटले होते, ज्याचा विषयाशी संबंध नव्हता. तो शब्द मागे घेते. माझे टाकीतले, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे इमारतीच्या आवारातल्या हौदात सोडावेत आणि त्यांच्या कुंडीखालची बशी दर आठवड्याला ओतून टाकावी. बशी कोणी ओतायची ते त्यांनी ठरवावे.

कलम ७. माझे अंत्यसंस्कार बौद्ध रीतीने, साधेपणाने करावेत. कावळ्याची वाट पाहू नये, आपल्यात ती रीत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणात दही ठेवावे. ते विहीणबाईंनी लावावे व त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. आण्णांना वाढताना कोणी हसू नये. त्या दिवशी पौर्णिमा असेल तर माशांना खायला घालू नये, एरवी माझ्या मरणासाठी त्यांना उपाशी ठेवायचे काही कारण नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सून किर्ती हिने करावी. तिला गुपित ठेवता येते आणि वेळेवर फोडताही येते.

कलम ९. खरे तर हे कलम असे होते: "माझ्या फळीवरील विरजण, सर्व डब्यांसह, सौ. माया शिवराम सकपाळ यांना देण्यात यावे." पण मला साक्षीदारही त्याच हव्या होत्या. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, पुढे कोणी शंका काढतो. म्हणजे एकतर विरजण घ्या, नाहीतर सही करा. मी विहीणबाईंना फोन करून विचारले.

त्या म्हणाल्या, "अहो अंजनीताई, विरजण कधी मेल्यावर देतात का? तोवर राहील का ते? ते आजचं उद्याला द्यायचं. मी आहे ना, तुमचं गेलं तर माझ्याकडून न्या, माझं गेलं तर मी वाटी घेऊन येते. कागदावर काय लिहायचंय त्यात. सही कुठे करायची ते सांगा."

म्हणून कलम ९ खोडले आहे. खोडाखोड माझ्याच हातची आहे, त्यावर सही केली आहे. विरजण माझ्या मिळकतीत धरू नये. ते मी माझ्या हयातीत, शुद्धीत, देऊन टाकले आहे, आणि कोण आधी जाईल याची आता मला काळजी उरलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

ठिकाण: अंबरनाथ
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६

अंजनी महेंद्र तांबे
(सही)

साक्षीदार १: मुकेश, मत्स्यदुकानदार, कॅम्प तीन, उल्हासनगर
(सही. सोबत हस्ताक्षरात: भाभींनी माझ्यासमोर सही केली. मलाही एक चमचा द्यावा, ही विनंती.)

साक्षीदार २: सौ. माया शिवराम सकपाळ, शिरगाव, बदलापूर पूर्व
(सही. सोबत हस्ताक्षरात: मी सगळं वाचलं. बोट त्यांनी फळीकडेच दाखवलं होतं. तरी श्रीखंडाचा डबा आज माझ्या हाताने परत दिला. रिकामा दिलेला नाही.)